संथ प्रोग्राम, ऑक्टेव्ह आणि कंपायलरची जुळणी

गणिताच्या तासाला कापरेकर स्थिरांक शिकवला, की वर्गात हमखास उत्साह येतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर पोचतो आणि मग तेथेच राहतो. देवळाली येथील शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली हा शोध मांडला. त्यांचा जन्म १९०५ सालचा. हीच संख्या घेऊन पाहू : १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. बरोबर सात पायऱ्या!

आम्ही हे वर्गात करून दाखवले तेव्हा पुढचा प्रश्न लगेच आला. "सर, पाच अंकी संख्यांचे काय? सहा अंकी? आठ अंकी?" प्रश्न चांगला होता आणि संगणक कक्ष शेजारीच होता. आम्ही ऑक्टेव्हमध्ये पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. पाच अंकी संख्यांचे उत्तर आले. तेथे एकच स्थिरांक नसून संख्यांची कडी तयार होतात. ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि त्यावरून पुन्हा ५३९५५. याखेरीज चार-चार संख्यांची आणखी दोन कडी आहेत. मुले खूश झाली. सहा अंकांना मात्र संगणक घुटमळू लागला आणि मधली सुट्टी संपत आली तरी पडद्यावर काही उमटेना.

हिशेब सोपा आहे. सहा अंकी संख्या ९ लाख, तर आठ अंकी ९ कोटी. म्हणजे काम निदान शंभरपट. सहा अंकांना दहा मिनिटे लागत असतील, तर आठ अंकांना हजार मिनिटे, म्हणजे जवळजवळ सतरा तास लागणार. तोवर मुलांचा प्रश्न थंड झाला असता. तेव्हा प्रोग्रामचा वेग वाढवणे भाग होते. त्यासाठी ऑक्टेव्हला कंपायलर जोडून देण्याचा खटाटोप आम्ही केला. त्यात काय कळले आणि कोठे ठेच लागली, ते येथे सांगत आहोत.

दुभाषा आणि भाषांतरकार

संगणकाच्या प्रक्रियकाला फक्त यंत्रभाषा कळते. आपण लिहिलेला प्रोग्राम त्या भाषेत नेण्याचे दोन मार्ग आहेत.

समजा, शाळेच्या संमेलनाला परदेशी पाहुणे आले आहेत. ते एक वाक्य बोलतात, शेजारी उभा असलेला दुभाषा ते मराठीत सांगतो, मग पुढचे वाक्य. इंटरप्रिटर असेच काम करतो. दुसरा मार्ग असा, की पाहुण्यांचे संपूर्ण भाषण आधीच भाषांतरकाराकडे पाठवायचे आणि छापून आलेले मराठी भाषण थेट वाचायचे. हा भाषांतरकार म्हणजे कंपायलर. सुरुवातीला तो वेळ घेतो, पण नंतर दुभाष्यासाठी थांबावे लागत नाही.

एकदाच बोलायच्या भाषणाला दुभाषा उत्तम. चूक झाली तर तेथल्या तेथे सुधारता येते. पण पाहुणे तेच वाक्य ९ लाख वेळा बोलू लागले तर? दुभाषा ते प्रत्येक वेळी नव्याने ऐकणार, नव्याने विचार करणार आणि नव्याने सांगणार. आमच्या प्रोग्राममध्ये हेच होत होते. प्रत्येक संख्येसाठी अंक वेगळे करणे, लावणे आणि वजा करणे ही आवर्तने चालू होती आणि प्रत्यक्ष वजाबाकीपेक्षा "आता काय करायचे आहे?" हे ठरवण्यातच जास्त वेळ जात होता.

मग ऑक्टेव्ह संथ आहे असे म्हणायचे का? तसे नाही. दोन मोठ्या सारण्यांचा गुणाकार सांगा, तो झटक्यात होतो. कारण ते काम करणारा भाग मुळातच कंपाइल केलेला असतो. येथे थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९७० च्या दशकात सारण्यांच्या गणितासाठी फोरट्रान भाषेत लिनपॅक आणि आइसपॅक हे उत्तम प्रोग्रामसंच तयार झाले. पण ते वापरायचे तर फोरट्रान लिहिणे आले. न्यू मेक्सिको विद्यापीठातील प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांना वाटे, की विद्यार्थ्यांना या कटकटीशिवाय ते वापरता यावेत. त्यासाठी त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटलॅब लिहिले. समोर दुभाषा आणि मागे कंपाइल केलेले गणित, अशी ही रचना होती. १९८४ साली मॅटलॅब बाजारात आणणारी कंपनी निघाली.

ऑक्टेव्ह हे त्याच वळणाचे, पण विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेत रासायनिक अभियांत्रिकीच्या एका पाठ्यपुस्तकाला सोबत म्हणून त्याची कल्पना निघाली आणि १९९२ साली जॉन ईटन यांनी त्यावर पूर्णवेळ काम सुरू केले. नावाचा संगीताशी संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील हे ईटन यांचे एक प्राध्यापक. कागदाच्या चिटोऱ्यावर झटपट अंदाजी हिशेब करण्यात त्यांचा हातखंडा होता.

तेव्हा उपाय असा ठरला : प्रोग्राममधला जो छोटा भाग लाखो वेळा फिरतो तेवढाच सी भाषेत लिहायचा, कंपायलरकडून यंत्रभाषेत आणायचा आणि ऑक्टेव्हला म्हणायचे, "हे तुझेच एक नवे फंक्शन समज." बाकी सारे होते तसेच ऑक्टेव्हमध्ये. अशा फंक्शनला मेक्स फाइल म्हणतात. ही पद्धत मॅटलॅबने रूढ केली आणि ऑक्टेव्हलाही ती कळते.

जुळणीला काय काय लागते?

ऐकायला सोपे वाटते, पण दोन वेगळ्या घरांतून आलेली सॉफ्टवेअरे एकत्र नांदवायची आहेत. त्यासाठी पुढील गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे कंपायलर. विंडोजसाठीच्या ऑक्टेव्हच्या अधिकृत संचात जीसीसी हा कंपायलर सोबतच येतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. लिनक्सवर जीसीसी बहुधा सहज मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केलेला हा कंपायलर आजही जगभर वापरात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शीर्षक फाइली. ऑक्टेव्ह आपली माहिती कशा स्वरूपात देतो आणि घेतो, याचा करारनामा या फाइलींत असतो. कंपायलरला तो वाचायला मिळाला नाही तर "मेक्स.एच फाइल सापडत नाही" अशी तक्रार येते. लिनक्सवर या फाइली बऱ्याचदा वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. त्या पॅकेजच्या नावात "डेव्ह" ही अक्षरे असतात. ऑक्टेव्ह नीट चालते आहे, कंपायलरही आहे, तरी जुळणी होत नाही, अशी स्थिती असेल तर प्रथम हे पॅकेज बसवले आहे का ते पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे पत्ता. कंपायलर संगणकात असणे वेगळे आणि तो कोठे आहे हे ऑक्टेव्हला माहीत असणे वेगळे. संगणक ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतो त्यांची एक यादी असते; तिला पाथ म्हणतात. कंपायलरचे फोल्डर त्या यादीत नसेल तर तो असून नसल्यासारखा. मॅटलॅबमध्ये यासाठी "मेक्स" या शब्दापुढे एक जागा सोडून, वजा चिन्हाला जोडून "सेटअप" लिहिण्याची आज्ञा आहे. ती दिली की मॅटलॅब आपल्याला चालणारे कंपायलर शोधते आणि कोणता निवडला ते सांगते. विंडोजवर त्यासाठी मिनजीडब्ल्यू हा जीसीसीचाच अवतार वापरतात. तो ज्या फोल्डरात ठेवाल त्याच्या नावात मोकळी जागा ठेवू नये.

चौथी गोष्ट म्हणजे प्रवेशद्वार. आपल्या सी प्रोग्राममध्ये "मेक्स फंक्शन" या नावाचे एक फंक्शन असावेच लागते. हे दोन्ही शब्द जोडून लिहायचे, "फंक्शन"चे पहिले अक्षर मोठ्या लिपीत आणि बाकी सारी लहान. या दारातून ऑक्टेव्ह चार गोष्टी आत पाठवते : किती उत्तरे हवीत, ती ठेवायच्या जागा, किती गोष्टी दिल्या आणि त्या प्रत्यक्ष गोष्टी. दाराचे नाव एका अक्षराने चुकले तरी ऑक्टेव्हला आत जाता येत नाही.

एवढे झाले की ऑक्टेव्हमध्ये "मेक्स" आणि पुढे आपल्या सी फाइलीचे नाव लिहायचे. सारे जुळले तर काही संदेश न येता नवी फाइल तयार होते. फाइलीचे नाव तेच फंक्शनचे नाव होते. आमचा सल्ला असा, की खरा प्रोग्राम घेण्यापूर्वी एक संख्या घेऊन तिची दुप्पट परत देणारी आठ-दहा ओळींची मेक्स फाइल करून पाहावी. ती चालली म्हणजे जुळणी झाली; पुढे चूक निघाली तर ती आपल्या गणितात आहे हे निश्चित समजते.

आमची पहिली ठेच

आम्हाला ही दुप्पट करणारी फाइलसुद्धा पहिल्या दिवशी जमली नाही. आमच्या एका संगणकात कोणी तरी पूर्वी दुसरा, ३२ बिटांचा कंपायलर बसवून ठेवला होता. पाथच्या यादीत तो आधी होता, म्हणून ऑक्टेव्ह त्यालाच बोलावत होते. ऑक्टेव्ह मात्र ६४ बिटांचे. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर कसा चालणार? यादीतला क्रम बदलला आणि काम झाले.

आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत टर्बो सी हा जुना कंपायलर फार वर्षे वापरला गेला. तो डॉसच्या काळातला, १६ बिटांचा आहे. सी शिकण्यापुरता त्याचा उपयोग झाला असेल, पण ६४ बिटांच्या ऑक्टेव्हशी त्याची जुळणी होऊ शकत नाही. घरी शिकलेल्या सीचा प्रोग्राम येथे का चालत नाही, असे विद्यार्थी विचारतात, त्याचे हे एक कारण.

आणखी एक सूचना. ऑक्टेव्हची आवृत्ती बदलली की मेक्स फाइली पुन्हा कंपाइल कराव्यात. करारनामा बदललेला असू शकतो.

रीतिभाती वेगवेगळ्या

जुळणी झाली म्हणजे संसार सुखाचा झाला असे नाही. दोन्ही घरांच्या चालीरीती वेगळ्या आहेत.

ऑक्टेव्हमध्ये मोजणी १ पासून, तर सी भाषेत ० पासून. दहा संख्यांच्या रांगेत सीच्या लेखी शेवटचा क्रमांक ९. चुकून दहाव्या क्रमांकाकडे हात घातला तर ऑक्टेव्ह जशी सभ्य सूचना देते तशी येथे मिळत नाही. कधी कचरा हाती लागतो, तर कधी संपूर्ण ऑक्टेव्हच बंद पडते आणि न साठवलेले काम जाते.

दुसरा फरक सारणीचा. समजा, तीन विद्यार्थ्यांचे दोन विषयांतील गुण आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ. स्मृतीत हे सहा आकडे एकापुढे एक ठेवायचे आहेत. सीचा रिवाज ओळीने ठेवण्याचा : पहिल्या विद्यार्थ्याचे दोन गुण, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. ऑक्टेव्ह मात्र स्तंभाने ठेवते : पहिल्या विषयाचे तीन गुण, मग दुसऱ्या विषयाचे तीन. हा फोरट्रानचा वारसा. हे विसरले तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो, पण एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. शिक्षकांना याहून वेगळे उदाहरण सांगायला नको!

तिसरा फरक आम्हाला महागात पडला असता. आमचे सी फंक्शन तयार झाले आणि आठ अंकी संख्यांचा शोध तासांऐवजी काही मिनिटांत झाला. ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ हे दोन स्थिरांक पडद्यावर उमटले. उत्साहाच्या भरात एका विद्यार्थ्याने थेट दहा अंकी संख्या दिली आणि उत्तर आले ऋण! मोठ्या संख्येतून लहान वजा करून ऋण उत्तर कसे येईल?

कारण असे. सी भाषेतला "इंट" हा पूर्णांकांचा साधा प्रकार आजच्या नेहमीच्या संगणकांवर ३२ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. नऊ अंकी कोणतीही संख्या तीत बसते, पण दहा अंकी बहुतेक संख्या बसत नाहीत. भांडे ओसंडले तरी सी भाषा ओरडत नाही. ऑक्टेव्ह स्वतः संख्या दुसऱ्या प्रकारे ठेवते. त्या प्रकारात सुमारे ९०,०७,१९९ अब्ज, नेमके सांगायचे तर २ चा ५३ वा घात, येथपर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक राहतात. म्हणून संथ प्रोग्रामचे उत्तर बरोबर होते आणि वेगवान प्रोग्रामचे चूक. "इंट"च्या जागी "लाँग लाँग" हा ६४ बिटांचा प्रकार घातला आणि दोष गेला. नुसते "लाँग" लिहून भागत नाही, कारण ते ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचे असते, तर विंडोजवर ३२ बिटांचेच. म्हणजे एका संगणकावर बरोबर चाललेला प्रोग्राम शेजारच्या संगणकावर चुकू शकतो.

येथे उत्तर ऋण आले म्हणून चूक लक्षात आली. ते धन येऊन चुकीचे असते तर आम्ही ते फळ्यावर लिहून दिले असते. तेव्हापासून आम्ही एक नियम केला : वेगवान फंक्शन वापरण्यापूर्वी त्याची आणि संथ प्रोग्रामची उत्तरे काही संख्यांसाठी ताडून पाहायची. त्यांत मोठ्यात मोठ्या संख्या हव्यातच. ० ते ९ हे सर्व अंक एकेकदा असलेली ९७५३०८६४२१ ही संख्या या परीक्षेला उत्तम. ९८७६५४३२१० मधून ०१२३४५६७८९ वजा केले की तीच परत येते.

फळ्यावरचे ५४

हे सर्व आम्ही शिक्षक कक्षात मोठ्या अभिमानाने सांगत होतो. गणिताच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी खडू उचलला.

चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ माना. मोठी संख्या वजा लहान संख्या म्हणजे ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर अवलंबून. पहिला फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो. दुसरा शून्यापासून पहिल्या फरकाइतका असू शकतो, पण त्याहून मोठा नाही. एकूण शक्यता २ + ३ + ४ असे करत १० पर्यंत, म्हणजे ५४. हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पायरीत ५४ संख्यांत गोळा होतात! एवढ्या तर वर्ग वाटून घेऊन वहीत तपासू शकतो. आठ अंकांसाठी असे चार फरक येतात आणि त्यांच्या शक्यता होतात ७१४. ९ कोटी कोठे आणि ७१४ कोठे! एवढे काम संथ ऑक्टेव्हसुद्धा काही क्षणांत करते.

मग आमचा खटाटोप फुकट गेला का? आम्हाला तसे वाटत नाही. एक तर, बाईंच्या युक्तीने आलेले आणि ९ कोटी संख्या एकेक करून तपासून आलेले उत्तर तंतोतंत जुळले. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच गावी पोचलो म्हणजे गाव खरे. दुसरे म्हणजे, प्रत्येक प्रश्नाला अशी युक्ती नसते. हवामानाच्या अंदाजात वातावरणाच्या लाखो चौकटींचे गणित करावेच लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली सुरू झालेला प्रत्यूष हा महासंगणक याच कामासाठी बसवला गेला, आणि अशी हवामान प्रारूपे आजही मुख्यतः फोरट्रानमध्ये लिहून कंपाइल केली जातात. तेथेही कंपायलरची नीट जुळणी, संख्यांच्या प्रकारांची काळजी आणि उत्तरांची ताडणी हीच सूत्रे लागू पडतात.

मात्र क्रम लक्षात ठेवावा. आधी विचार, मग संथ पण बरोबर प्रोग्राम, आणि तरीही गरज उरली तर कंपायलर.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या जन्मवर्षापासून सुरुवात करून ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या मोजायला सांगा. तीन अंकी उत्तर वाटेत आले तर पुढे शून्य लावून चार अंक पूर्ण करायचे हे आधी स्पष्ट करा. ९९९ आले तर ते ०९९९ धरायचे.

२. पाच अंकी संख्यांची क, ख, ग, घ, च यांच्या साहाय्याने मांडणी करा. मधला अंक ग वजाबाकीतून नाहीसा होतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्या.

३. ८४२९६५२ ही सात अंकी संख्या घेऊन क्रिया करत राहा. किती पायऱ्यांनी तीच संख्या परत येते? आमचे उत्तर ८. आपल्या विद्यार्थ्यांनी ते ताडून पाहावे.